कपाळावरची आठी

शंखातल्या गोगलगाईनं तळहाताला डंख मारला तेव्हा तेओदुलोला दुखलं नाही, आणि म्हणूनच त्याचं धाबं दणाणलं. ओलांगो बेटावरची म्हातारी माणसं सांगत, दुखलं तर ओरड. नाही दुखलं तर पाद्र्याला बोलाव. या विषाला उतारा नाही. ते ओसरेपर्यंत श्वास चालू राहिला, तर माणूस वाचतो.

वीस वर्षं तो बुडी मारून हेच शंख काढत होता. पूर्वी ते हौशी लोकांच्या कपाटात जात. आता एक कंपनी त्या विषाच्या अभ्यासातून सुरकुत्यांवरचं मलम बनवत होती. नाताळात तिनं प्रत्येक बुडीवाल्याला एक डबी भेट दिली होती, बायकोसाठी.

बेटावरची सुईण मार्सेलिना धावत आली. तिनं हाताला खांद्यापर्यंत पट्टी आवळली. "दुलोदादा, हलायचं नाही. फक्त कपाळाला आठ्या घाला बघू."

त्यानं घातल्या.

"घाला की!"

"घातल्यात गं!"

कपाळ ताटासारखं गुळगुळीत. "विष डोक्यात चढलं," सुईण म्हणाली. तेओदुलोच्या बायकोनं, फिलोमेनानं, हंबरडा फोडला. शेजारच्या बास्तियाननं होडीचं इंजिन सुरू केलं. अख्खी आळी खिडकीत लोटली.

तेओदुलोची बोबडी वळायची वेळ आली. एकीकडे चुकीच्या उपचारानं मरण, दुसरीकडे एवढ्या लोकांसमोर कबुली. मरण जड वाटलं.

"फेना, कपाळाचं ते विषानं नाही. तुझं मलम... मी लावतो. रोज."

हंबरडा मध्येच तुटला. "तू? आणि मी सुनेवर आळ घेतला!"

"तरीच!" बास्तियान होडीतून ओरडला. "मला वाटलं, नवस फळला म्हणून हा देखणा दिसायला लागलाय!"

खिडकी हसून हसून हलली. इंजिन बंद झालं. सुईण पदर नसताना पदरानं वारा घेतल्यासारखे हात हलवत खाली बसली.

तेओदुलो हसायला गेला. हसू फुटेना. पापण्या मिटायला लागल्या, आणि पापण्यांना त्यानं मलम कधीच लावलं नव्हतं. "होडी," तो म्हणाला. तोंडातून नुसतं "हो" आलं.

"बघा, कबूलही करतोय!" कुणीतरी म्हणालं.

हसत नव्हती ती एकटी फिलोमेना. ती संतापली होती, आणि संतापलेली बायको नवऱ्याकडे डोळे फाडून बघते. तिला त्याची छाती हलताना दिसेना.

"मेल्यांनो, होडी!"

पलीकडच्या इस्पितळापर्यंत अर्ध्या तासाचा समुद्र होता. सुईणीनं सांगितलं तसं फिलोमेना त्याच्या तोंडात श्वास फुंकत होती आणि दोन श्वासांच्या मध्ये त्याला झापत होती. फू. "चोरा!" फू. "लग्नातही उशिरा आलास!" फू. तेओदुलोला बोट हलवता येत नव्हतं, पण ऐकू सगळं येत होतं. त्याला एकच भीती उरली होती, तिचं बोलून संपेल याची.

पलीकडचा धक्का दिसायला लागला, तेव्हा ती संसाराच्या दुसऱ्या वर्षापर्यंतच पोचली होती.