औषधाचं बटण

आमचे हे नंदुरबारच्या मिरची मार्केटात लिलाव पुकारायचे. नाव गिरधर, पण बाजारात सगळे आप्पाच म्हणत. हंगामात आवारभर लाल मिरची पसरलेली, आलेला माणूस ठसक्याने बेजार, आणि त्या सगळ्या खोकण्याच्या वर यांचा आवाज. घरी आल्यावरही तो खाली यायचा नाही. ताटावर बसून मला मीठ मागितलं, की शेजारची गजराबाई मिठाची वाटी घेऊन दारात उभी.

त्याच गळ्यात गाठ निघाली. नाशिकच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं, जीव ठेवायचा तर स्वरयंत्र काढावं लागेल. गळ्याला भोक राहील, श्वास तिथून चालेल, बोलणं मात्र गेलं ते गेलं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दवाखान्यातल्या एक मॅडम खाटेपाशी आल्या. बोलता न येणाऱ्यांना शिकवायचं त्यांचं काम. त्यांनी आमच्या जुन्या टॅबमध्ये एक अॅप टाकून दिलं. हा टॅब आमच्या भूपेशने, मुलाने, नवा घेतल्यावर घरी आणून टाकलेला. त्या अॅपमध्ये चित्रांची बटणं होती. पेला, ताट, पंखा, गोळी. "रोज जे जे लागतं ते यांच्याच आवाजात भरून ठेवा," मॅडम म्हणाल्या. "नंतर बटण दाबलं की टॅब यांच्या आवाजात बोलेल."

यांनी सदऱ्याची वरची गुंडी लावली. साहेबासमोर जबानी द्यायला बसावं तसे ताठ बसले, घसा खाकरला आणि म्हणाले, "मला पाणी हवे आहे."

जन्मभर "पानी दे वं" म्हणणारा माणूस.

"आहो, घरमा बोलतस तसं बोला ना," मी म्हटलं.

"रेकॉर्डिंग शे हाई," हे म्हणाले. "शुद्ध बोलनं पडस."

मग सगळी बटणं अशी शुद्ध भरली गेली. मला जेवण द्यावे. कृपया पंखा बंद करा. माझा चष्मा कुठे आहे. मी मागे उभी राहून चादरीची घडी घालत होते. हसू येत होतं, आणि हसता हसता कधी नाक गळायला लागलं ते कळलं नाही. हे गोळीच्या चित्रापर्यंत आले होते, बोट बटणावर होतं. तेवढ्यात मागे वळून मला म्हणाले, "रडू नको वं. गप बसनारा माणूस शे का मी?"

टॅबने तेच घेतलं.

मॅडम हसल्या, म्हणाल्या, हे पुन्हा भरू. पण तेवढ्यात यांना तपासणीला नेलं, मग डॉक्टर आले, मग नातेवाईक. औषधाचं बटण तसंच राहिलं. सकाळी आवाज गेला.

त्यानंतर आमच्या घरात सरकारी मराठी सुरू झाली. मी ओट्यापाशी, आणि पडवीतून यांचा खणखणीत आवाज, "मला चहा द्यावा." मीही चहा नेऊन द्यायचे आणि म्हणायचे, "आपला अर्ज मंजूर झाला आहे." हे बिनआवाजाचे हसायचे, खांदे हलायचे, गळ्यावरचं फडकं फडफडायचं. पाटी-पेन्सिलही होती. लिहून दाखवायचे, पण लिहिलेलं वाचायला समोर माणूस लागतो. बटण मात्र चुलीपर्यंत ऐकू यायचं.

आणि सकाळ-संध्याकाळ गोळीची वेळ झाली, की त्या सगळ्या शुद्ध बोलण्यात एकदम माझा माणूस यायचा. "रडू नको वं. गप बसनारा माणूस शे का मी?" मी गोळी आणि पाणी घेऊन जायचे. यांच्यासाठी ते औषधाचं बटण होतं. माझ्यासाठी काय होतं ते मी कधी सांगितलं नाही, यांनी कधी विचारलं नाही. एवढ्या वर्षांच्या संसारात अशी कितीतरी बोलणी न बोलताच चालतात.

टॅबवर अधूनमधून पाटी यायची, अपडेट करा म्हणून. हे माशी उडवावी तसे "नंतर" दाबायचे. आमच्याकडे नेट नव्हतंच, त्यामुळे त्या पाटीचंही काही चालायचं नाही.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, भूपेश सुरतहून आला. आंब्याचा रस झाला, जेवणं झाली. त्याने आपल्या मोबाइलचं नेट चालू करून टॅबलाही दिलं, बापाला जुन्या लिलावाचे व्हिडिओ दाखवायला. बापलेक पाहत बसले. मग टॅब चार्जिंगला लावला आणि सगळे आडवे झाले. दुपारी उठून यांनी पेल्याचं बटण दाबायला टॅब घेतला, तर पेलाच नाही. पांढरा पडदा आणि त्यावर एक ओळ. भूपेशने वाचून दाखवली. अॅपची नवीन आवृत्ती या उपकरणावर चालणार नाही.

"नवी आवृत्ती कोनी मांगेल व्हती?" मी विचारलं.

"कोनीच नही, माय. आपसूक उतरनी."

त्याने खूप खटपट केली. बंद करून चालू केला, इकडे दाबलं, तिकडे दाबलं. घामाघूम झाला. यांनी पाटीवर लिहिलं, "असू दे. तुझी चूक नाही." ते वाचून तो पोरगा मोठा बाप्या असून परसात निघून गेला. संध्याकाळची गाडी त्याला पकडावीच लागली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं शहाद्याला गेलो. स्टँडजवळ लखनचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. पोरगा बडबड्या, पण हाताचा चांगला. टॅब उलटापालटा करून म्हणाला, "आप्पा, हाऊ आते तुमनाच वारगीना दिखस."

वारगीचा म्हणजे बरोबरीच्या वयाचा. हे हसले.

"आवाज आतमा शेतस ना?" मी विचारलं.

"आतमाच शेतस, मावशी. पन कंपनीनी कुलूप बदली टाकं. नवं कुलूप या बिचाराले पेलत नही." मग त्याने टॅब खाली ठेवला आणि जरा हळू बोलला. "जुनं अॅप परत टाकता यी. पन त्यानासाठे पहिले हाई काढनं पडी. काढं तर आवाज ऱ्हातीन का जातीन, गॅरंटी देत नही मी. जास्त करीसन जातसच."

"आनि नही काढं तर?"

"तर असाच ऱ्हाई. आवाज आतमा, तुम्ही बाहेर."

मी लगेच म्हटलं, राहू दे. असाच घरी नेऊ. पुढेमागे कोणी उघडणारा भेटेल.

यांनी पाटी मागितली. "बंद ठेवून उपयोग काय? मला बोलायचे आहे."

बरोबरच होतं. त्या माणसाला पाणी मागायचं होतं, पंखा बंद करायचा होता, रस्त्याने जाणाऱ्या मित्राला हाक मारायची होती. कपाटात ठेवलेल्या आवाजाने यातलं काय होणार? माझ्याकडे उत्तर होतं, पण ते लखनसमोर, चार्जरांच्या काचेच्या पेटीवर हात ठेवून, या वयात कसं सांगायचं? मला तुमचं एक वाक्य पाहिजे, ते दोन वेळा ऐकल्याशिवाय माझा दिवस जात नाही, असं? मी पदर तोंडाला लावला आणि बाहेर उसाच्या गाड्याकडे बघत राहिले. यांनी लखनला मान हलवून हो म्हटलं.

फार वेळ लागला नाही. अॅप आलं. पेला आला, ताट आलं, पंखा आला. सगळं जागच्या जागी. यांनी पेल्यावर बोट ठेवलं. काही नाही. ताटावर ठेवलं. मग एकेक करत सगळ्या बटणांवरून बोट फिरवलं, आंधळा माणूस भिंत चाचपतो तसं. लखन फडक्याने पेटीची काच पुसत राहिला.

मग त्यानेच उपाय काढला. टॅबमध्ये तयार मशीनचा आवाज असतो, पुरुषाचा. आपण लिहायचं, तो वाचतो. यांनी भराभर पाटीवर लिहून दिलं आणि लखनने भरलं. मला पाणी हवे आहे. मला जेवण द्यावे. कृपया पंखा बंद करा. अक्षर न् अक्षर तेच. यांची ती शुद्ध वाक्यं कोणाच्याही तोंडी बसतील अशीच होती, मशीनच्या तोंडी तर जास्तच नीट बसली. गोळीच्या चित्रापाशी लखन थांबला. "आठे काय टाकू, आप्पा?"

यांनी माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. म्हणजे यांना सगळं माहीत होतं. मग पाटी पुसली आणि लिहिलं, "मला औषध हवे आहे."

गावात कोणाला काही कळलं नाही. गजराबाई दारासमोरच्या ओट्यावर बसून म्हणाली, "आप्पाना आवाज भलता साफ व्हयना वं. गोळ्या लागू पडन्यात." मी म्हटलं, हो, पडल्या. तिला काय समजावणार. बोलणं तेच होतं, फक्त बोलणारा दुसरा होता. चहा मागतो तो, चष्मा शोधतो तो. मला घरात परक्या पुरुषासमोर वावरल्यासारखं होतं. पहिले काही दिवस तर मी पदर सावरूनच चहा नेला.

शहाद्याहून आलो त्याच संध्याकाळी गोळीची वेळ झाली. पडवीतून आवाज आला, "मला औषध हवे आहे." स्पष्ट, सभ्य, बरोबर. मी गोळी घेतली, पाणी घेतलं, आणि उंबऱ्यावर माझे पाय थांबले. तशीच उभी राहून रडले. आवाज करायचा नाही असं ठरवलं होतं, पण पेल्यातलं पाणी सांडलं. यांनी वर पाहिलं. ओठ हलले. गळ्याच्या भोकातून नुसता वारा आला. काय म्हणाले ते मला नीट कळलं नाही.

"समजनं," मी म्हटलं.

यांनी मान हलवली. मी खोटं बोलले हेही यांना कळलं असणार.

दुसऱ्या दिवसापासून ते बटण वाजलं नाही. सकाळी पाहते तर गोळ्यांचा डबा फडताळात नव्हता. यांच्या उशाशी, तांब्याशेजारी होता. आता वेळ झाली की हे स्वतःच घेतात. मी ओट्यापाशी भाकरी थापत असते आणि पडवीतून गोळीचं पाकीट फुटल्याचा बारीक आवाज येतो. तेवढ्यापुरता मी हात थांबवते. मग पुन्हा थापायला लागते.