अंकुरच्या उरलेल्या गोळ्या

मोना पाणी तपासायच्या नोकरीला लागली, तेव्हा भिलाई-३ मधल्या शेजारणी आपापल्या नळाचं पाणी पेल्यात घेऊन तिच्यापुढे उभ्या राहायच्या. चव घेऊन कळत नाही, मशीन लागतं, हे सांगून सांगून ती थकली. शिवनाथ नदीत, नाल्यांत, हँडपंपांत अँटिबायोटिक औषधं किती मिसळलीत ते शोधायचं, असं तिचं काम. दवाखान्यामागच्या नाल्याचं, कोंबड्यांच्या फार्मजवळचं पाणी बाटल्यांत भरून लॅबमध्ये न्यायचं. तुलनेला एक स्वच्छ पाणी हवं, म्हणून तिनं मोठ्या तोऱ्यात आपल्या घरची विहीर निवडली.

सगळ्यांत वाईट निघाली ती विहीरच.

लॅबवाले हसले. बाटली खराब असेल म्हणून तिनं दुसरी भरली, मग तिसरी. आकडा खाली यायचं नाव घेईना. आणि औषध कोणतं, तर अंकुरला दिलेलं तेच.

अंकुर तिचा धाकटा भाऊ. गेल्या पावसाळ्यात त्याला टायफॉइड झाला. ताप उतरला तशा आईनं, मथुराबाईनं, गोळ्या बंद केल्या. "गरम पडते थे गोळी, पोट्ट्याचं तोंड आलं," म्हणाली, आणि उरलेल्या गोळ्या पुढे कोणाला तरी कामी येतील म्हणून डब्यात ठेवल्या. आपल्याकडे असा डबा नाही असं घर दाखवा! ताप उलटला, आतडं फाटलं, पोरगा गेला. कोर्स पुरा करायला हवा होता, असं डॉक्टर मोनाला म्हणाला होता. तिनं ते आईच्या कानावर कधी घातलं नाही.

दुसऱ्या सकाळी ती पुन्हा बाटली घेऊन विहिरीवर गेली, तर आई ओल्या केसांनी काठाशी उभी. ओंजळीत पाणी, पाण्यात गोळी. अंकुरचं नाव घेऊन तिनं ओंजळ विहिरीत सोडली.

"आई! काय करून राहिली तू हे?"

"पितरपाखात पितरांले पाणी देतो ना आपण? थे पोचते, तं गोळीबी पोचन. अर्ध्यावर मीच बंद केली होती ना वं."

"डब्यातल्या तं कधीच सरल्या असतीन. कुठून आणते?"

"बबलूच्या मेडिकलातून. डॉक्टरची जुनी चिठ्ठी दाखोली का देते तो."

मोनाला बबलूचा भयंकर राग आला. अर्धी गल्ली ह्याच विहिरीचं पाणी पीत होती. पाण्यातले जंतू रोज औषध चाखून त्याला सरावले, तर उद्या दुसऱ्या कोणाच्या पोराला ह्याच गोळ्या लागू पडणार नव्हत्या. गल्लीला आजच सांगावं लागणार होतं. पण आईला हे कोणत्या तोंडानं सांगायचं? एका पोराचं मरण ती आधीच स्वतःच्या माथी घेऊन बसली होती.

लॅबमध्ये एकही आकडा कधी न फिरवलेली मोना सरळ खोटं बोलली.

"आई, पुरा झाला त्याचा कोर्स. मशीनीत दिसलं मले. आता एकबी गोळी नोको टाकू, अन हे पाणी पिऊ नोको."

"खरंच पुरा झाला?"

"हो."

मथुराबाईनं डोळे मिटून आभाळाला हात जोडले. मग ती मटकन खाली बसली आणि लेकीकडे बघत राहिली.

"मंग उद्यापासून त्याच्यासाठी मी काय करू वं?"