खोलीचा आवाज

मी मंडईत आलं-लिंबू विकतो. समोरच्या गल्लीत मेहबूबभाईंचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान. बायको गेल्यापासून माझ्याशी दिवसातून एकदा तरी नीट बोलणारा माणूस एवढाच. मुलगा योगेश वाघोलीला असतो. फोन केला की "बाबा, मीटिंगमध्ये आहे" म्हणतो. अकराचा चहा मात्र बावीस वर्षं मेहबूबभाईंच्या दुकानात, दोन स्टुलांवर.

दोन वर्षांपूर्वी एका मोर्चातून त्या गल्लीत दगड आले. मेहबूबभाई भाचीच्या लग्नाला गेले होते. मी त्यांच्या शटरसमोर उभा राहिलो. शूर वगैरे नाही मी, पण हललो नाही. बाहेरची पोरं होती, असं मी नंतर त्यांना सांगितलं.

यंदा अपेक्षा नावाची मुलगी त्या दिवसावर माहितीपट करायला आली. माझ्या खोलीत कॅमेरा लावून तासभर बोलतं केलं मला. "दगड मारणाऱ्यांत तुमच्या ओळखीचं कुणी होतं का?" तिने विचारलं. "छे, सगळे बाहेरचे," मी म्हणालो. शेवटी आवाजवाला सार्थक म्हणाला, "काका, आता एक मिनिट कुणीच बोलू नका. नुसता खोलीचा आवाज घ्यायचाय, नंतर तुकडे जोडताना मधे भरायला लागतो." बसलो गप्प. नेमका तेव्हाच घशाशी खोकला आला. पोरांचं काम बिघडू नये म्हणून मान खाली घालून तो दाबून धरला, डोळ्यांत पाणी आलं. कॅमेरा चालू आहे हे मला कुठे ठाऊक?

परवा रविवारी माहितीपट दाखवला. मी इस्त्रीचा शर्ट घालून मेहबूबभाईंच्या शेजारी बसलो होतो. पडद्यावर अपेक्षाचा आवाज आला, "तुमच्या ओळखीचं कुणी होतं का?" आणि पुढे मी. गप्प. खाली मान, भरलेले डोळे. माझं उत्तर उडवून तिथे खोलीच्या आवाजाचं ते मिनिट लावलं होतं.

दिवे लागल्यावर एक गृहस्थ माझा हात धरून म्हणाले, "तुमचं मौन फार बोललं हो." म्हटलं, "बोललो तर मीही होतो की." मेहबूबभाई तोवर निघून गेले होते.

अपेक्षाला फोन केला. ती म्हणाली, "काका, तुमचं उत्तर फिकं वाटत होतं. लोकांना तो दिवस जाणवायला हवा होता ना."

"मग माझा खोकला जाणवला त्यांना."

"पण बाकीचं खरं आहे ना? दगड पडले, मेहबूबचाचा तक्रार घेऊन तीनदा पोलीस चौकीत गेले, कुणी लिहून घेतली नाही."

खरं होतं. आणि ते तीनदा गेले हे मला माहितीपटातच कळलं. दोन वर्षांच्या चहात त्यांनी ते मला सांगितलं नव्हतं. फार वाईट वाटलं.

आज अकराला गेलो. माझ्या स्टुलावर भिंतीवरचं एक मोठं घड्याळ ठेवलेलं. मी उभाच राहिलो.

"मेहबूबभाई, तो खोकला होता. त्यांनी तो भलत्याच जागी लावलाय."

त्यांनी डोळ्यावरचं भिंग काढलं नाही. "असेल. नागोराव, मी नव्हतो त्या दिवशी. तुम्ही सांगितलंत ते दोन वर्षं मानलं. परवा मात्र डोळ्यांनी बघितलं."

"फसवलंय त्यांनी."

"बरं. आता इथे कॅमेरा नाही." त्यांनी भिंग काढलं, स्टुलावरचं घड्याळ उचलून बाजूला ठेवलं. "बसा. आणि सांगा. ओळखीचं कुणी होतं का?"

मी बसलो. त्या दिवशी मी शटरसमोर गेलो, कारण समोर हातात दगड घेऊन योगेश उभा होता. मला पाहून त्याने हात खाली घेतला. त्यानंतर तो घरी आलेला नाही. हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही.

चहा आला. निवत चालला. मेहबूबभाई माझ्याकडे बघत होते. मी मान खाली घातली, डोळे भरून आले.

या वेळी खोकला नव्हता.