हिरवळीवर काठीला मज्जाव

माळ्याने कुबडी हिरवळीवर टेकवली आणि ती वीतभर आत गेली. ओढून काढली, तर तिचे रबर आतच राहिले. आजूबाजूला साचलेले पाणी गुटगुट करत त्या भोकात उतरू लागले.

"बघितलंस?" तो बायकोला म्हणाला. "आता फक्त कमळं लावायची बाकी आहेत."

या सपाट हिरवळीवरून जड गोळे घरंगळत सोडायचे आणि छोट्या पांढऱ्या गोळ्याजवळ थांबवायचे, हा क्लबातल्या म्हाताऱ्यांचा खेळ. परवा शेजारच्या गावाशी सामना होता. पाय मोडल्यापासून माळी आज पहिल्यांदाच इथे आला होता, आणि त्याने पोटच्या पोरासारखे वाढवलेले गवत बुडाशी पिवळे पडू लागले होते.

मंडळी कडेच्या बाकावर काठ्या धरून बसली होती. हिरवळीवर काठी न्यायची नाही, हा माळ्याचाच कायदा.

"पाणी कोण घालत होतं?"

"मी," शिंपी म्हणाला. "पहाटे. तुम्हीच मला म्हणालात ना, 'मास्तर, विश्वास फक्त तुमच्यावर.' नळी फाटली होती, तीही शिवली."

नळीवरचे टाके सुबक होते.

बेकरीवाला त्याच्याकडे वळला. "असं मला म्हणाले होते. मी दुपारी यायचो, भट्टी तशीच सोडून. दोनदा पाव करपले."

"मी संध्याकाळी," निवृत्त नर्सबाई म्हणाल्या. "नळी उचलवत नाही, म्हणून किटलीने. मला वाटायचं, कालचं पाणी किती छान टिकतंय."

बाकीचे आपापल्या बुटांकडे पाहू लागले.

"सगळ्यांना सांगितलंत?" बायकोने विचारले.

"वाटलं, एखाद्याच्या तरी लक्षात राहील."

"एकही विसरला नाही. केवढं हे नुकसान."

किटलीने एवढी हिरवळ भिजवायला किती खेपा लागत असतील, हे माळ्याला ठाऊक होते. मग त्याने खाली पाहिले. भोकाभोवतीचे पाणी जिरले होते.

"काठ्यांची रबरं काढा," तो म्हणाला. "आणि बूट. या आत."

कुणी हलले नाही.

"काठीसकट?" शिंप्याने विचारले.

"काठीसकट. नुसती टेकवू नका, रुतवा. जन्मभर टेकवलीत तेवढं पुरे."

परीक्षेला बसावे तशी मंडळी अनवाणी आत शिरली आणि भोके पाडू लागली.

"परवा गोळे अडखळतील हो," बेकरीवाला म्हणाला.

"अडखळू देत. त्यांचेही अडखळतील."

नर्सबाई काठावरच उभ्या होत्या. "माझ्याकडे काठी नाही. मी अजून म्हातारी झालेले नाही."

माळ्याने रबर गेलेली कुबडी त्यांच्या हातात दिली. त्याचा तोल जाताच बायको पुढे धावली, पण त्याचा हात तोवर नर्सबाईंच्या खांद्यावर गेला होता. त्याने तो अलगदच ठेवला होता.

"टाका भार," नर्सबाई म्हणाल्या. "मला किटलीची सवय आहे."

त्याने टाकला.