सासूबाईंना गोळी लागत नाही

अख्ख्या शहराला वेगवान इंटरनेट मी पुरवते. म्हणजे पुरवते कंपनी, पण शिडीवर चढून वायर जोडते ती मी. आणि माझ्या स्वतःच्या घरी? दिव्याखाली अंधार. टेलिफोनच्या जमान्यातली तांब्याची वायर, कारण फायबर आत घ्यायची तर हॉलच्या भिंतीला भोक पाडावं लागतं, आणि त्या भिंतीला सासूबाई खिळासुद्धा ठोकू देत नाहीत. रंग त्यांनी स्वतः निवडलाय.

त्या रखडत्या वायरीवर आणि नवऱ्याच्या कॉलेजच्या काळातल्या कॉम्प्युटरवर सासूबाई लढाऊ विमान उडवतात. हसू नका. मी एकदाच हसले, पुन्हा हिंमत झाली नाही. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर बसून बसून त्या सगळ्यांना सळो की पळो करायला लागल्या, तेव्हा त्यांच्या लेकाने त्यांना हा ऑनलाइन गेम लावून दिला. माणसं आपापल्या घरून विमानं उडवतात, टोळ्या करून एकमेकांना पाडतात. सासूबाई 'घार' या नावाने एका टोळीत शिरल्या आणि बघता बघता टोळीची शान झाल्या. कारण घार कधी पडतच नाही. नवरा ऑफिसात सांगत सुटला, आमच्या आईला गोळी लागत नाही.

एका संध्याकाळी घरी आले तर स्वयंपाकघरात भांडी जरा जास्तच वाजत होती.

"काय झालं, आई?"

"मी लबाडी करते म्हणे!"

टोळीच्या कप्तानाने लिहून पाठवलं होतं. हा कप्तान पेशाने दातांचा डॉक्टर. समोरच्या टोळीतल्या एकाची तक्रार होती की घारीवर अगदी नेम धरून मारलं तरी गोळ्या आरपार जातात. विमान इथे दिसतं आणि पापणी लवते तोवर भलतीकडेच. रविवारच्या अंतिम सामन्याआधी उलगडा कर, नाहीतर बाहेर बस.

"तू त्यातलीच ना? सांग त्या दातवाल्याला, माझ्या मनात काही काळंबेरं नाही म्हणून."

मी शेजारी बसून त्यांचा खेळ पाहिला. चोर लगेच सापडला.

"आई, तुमचं विमान कुठे आहे, ही बातमी आपली वायर नेते. ती वाटेत रेंगाळते आणि मग एकदम गठ्ठ्याने पोचते. म्हणून लोकांना तुम्ही जिथे दिसता, तिथे तुम्ही नसताच. मघाशी होता. ते बिचारे रिकाम्या हवेला मारतात."

"म्हणजे मी हुशारीने वाचत नाही?"

"वायर वाचवते," मी म्हणाले. माझ्या जिभेला हाड नाही, हे त्या नेहमी म्हणतात ते खोटं नाही.

जेवताना त्यांनी माझ्या ताटात पोळी जरा आपटूनच वाढली. नवऱ्याने मला डोळ्यांनी विचारलं, मी डोळ्यांनीच सांगितलं, आणि तो शहाण्यासारखा ताटात बघून जेवला. हात पुसताना सासूबाई म्हणाल्या, "उद्या पाड भोक."

मी भोक पाडलं आणि सासूबाईंनी वायरीची भानगड कप्तानाला टाइप करून कळवली. नवऱ्याने नवा कॉम्प्युटर आणून बसवला. इतके दिवस जमीन म्हणजे नुसता हिरवा डाग होता, आता झाडाचा पाला दिसायला लागला. आणि टोळीशी बोलता येऊ लागलं. जुन्या वायरीला आवाज झेपत नव्हता, म्हणून सासूबाई फक्त टाइप करायच्या. त्यांचं पहिलं "नमस्कार, मी घार" ऐकून पलीकडे कळलं की घार म्हणजे वयाने मोठी बाई. कालपर्यंत 'तू ये रे, तू मार' म्हणणारा कप्तान चाचरत 'आपण'वर आला.

पण घार पडायला लागली. सकाळी पडली, दुपारी पडली, धावपट्टीवरून उठता उठता पडली. नेमही गेला. जुन्या वायरीवर गोळी उशिरा पोचायची, म्हणून शत्रूच्या बरंच पुढे, मोकळ्या आभाळात मारायची त्यांच्या हाताला सवय लागली होती. आता गोळ्या शत्रूच्या नाकासमोरून जायच्या आणि तो आरामात मागून यायचा. शेवटी कप्तान म्हणाला, "काकू, रविवारी आपण मागेच राहा. आपल्या मालवाहू विमानाच्या सोबतीला."

मागे राहण्यापेक्षा ते 'काकू' त्यांना जास्त झोंबलं.

शनिवारी त्या पडद्यासमोर नुसत्याच बसल्या होत्या. मला फार वाईट वाटलं. आमचं विळ्याभोपळ्याचं नातं आहे, पण घरात दरारा असलेली बाई अशी बसलेली मला बघवेना.

"आई, जुनी वायर अजून भिंतीतच आहे," मी हळूच म्हणाले. "उद्यापुरती लावते. एका मिनिटाचं काम."

"मग पडणार नाही मी?"

"कोण पाडतंय!"

त्यांनी विचार केला. भिंतीतल्या नव्या भोकाकडे एकदा पाहिलं आणि खुर्ची पडद्याजवळ ओढली.

"नको गं. केवढा तोरा मिरवला मी, आणि तो निघाला वायरीचा. आता पडले तर माझी मी पडेन."

रविवारी सामना सुरू झाला. मालवाहू विमान धावपट्टीवर टेकलं की आम्ही जिंकलो, वाटेत पडलं की हरलो. टोळीतले बाकीचे पुढे लढत होते, मागे ते अवजड धूड आणि सोबत एकटी घार. धावपट्टी दिसायला लागली आणि ढगातून शत्रूचं विमान सुटलं. तोच तो, तक्रार करणारा. सासूबाईंनी मारलं. गोळ्या त्याच्या पुढून गेल्या. पुन्हा मारलं, पुन्हा पुढे. तो मालवाहूच्या शेपटीमागे जाऊन नेम धरायला लागला.

सासूबाईंनी गोळीबार थांबवला आणि विमान सरळ त्या दोघांच्या मधे घातलं.

"आई, अहो काय करताय?"

"गप्प बस."

धडाधड गोळ्या आल्या. नव्या कॉम्प्युटरवर पंखाचं एकेक भोक मोजता येत होतं. एकही आरपार जाऊन मालवाहूला लागली नाही. पंख तुटला, पडदा लाल झाला, घार गरगरत खाली गेली, आणि पलीकडे मालवाहूची चाकं धावपट्टीला टेकली.

कप्तान सगळं 'आपण' विसरून "घार! अगं घार!" असा ओरडत होता. सामना संपताच दोन्ही टोळ्यांना एकमेकांचे आवाज ऐकू यायला लागले, आणि समोरच्या टोळीतल्या त्या गड्याचा चक्रावलेला आवाज आला, "अहो, या वेळी लागल्या की तुम्हाला!"

सासूबाईंनी पदराने डोळे टिपले आणि माइक जवळ ओढला.

"लागणारच," त्या म्हणाल्या. "मी होते ना तिथे."