खुनी मला आधीच कळला होता

सुट्टीला म्हणून सगळं घरदार तळ्याकाठच्या भाड्याच्या बंगल्यावर आलं होतं, आणि सुट्टी सगळ्यांना अगदी छान मानवली होती. थोरल्या दिरांना मानवली, जाऊबाईंना मानवली, नणदेला आणि तिच्या वकील नवऱ्याला तर इतकी मानवली की दोघं पान वाढल्याची हाक आल्याशिवाय आंघोळीलाही उठत नव्हती. धाकट्या सुनेलाही मानवली असणार. तिला कोणी विचारलं नव्हतं. पण व्हरांड्यातून स्वयंपाकघरात जेवढं दिसतं तेवढ्यात तरी तिचा चेहरा हसरा होता.

घरात तिला सगळे धाकटीच म्हणत. बाहेर ती बसस्थानकावर उद्घोषणा करायची. काचेच्या खोलीत बसून ती ध्वनिक्षेपकात म्हणायची, "गाडी फलाटावर लागली आहे," की गाढ झोपलेली माणसंसुद्धा बोचकी उचलून पळत सुटायची. अख्खं शहर तिच्या आवाजावर हलायचं. घरी मात्र तिने "तो पंखा बंद करा" म्हटलं तरी पंखा आपला फिरतच राहायचा. तोही घरचाच ना!

दोन गाड्यांच्या मधल्या रिकाम्या वेळात बाईंनी एक उद्योग केला होता. त्यांनी चक्क एक रहस्यकथा लिहिली होती, तीही हलकीफुलकी, सुट्टीत लोळत वाचावी अशी. टोपणनाव पुरुषाचं घेतलं होतं, म्हणजे घरात बोभाटा नको. पुस्तक निघालं आणि बघता बघता खपलं. आता प्रकाशिका हटून बसली होती: नव्या आवृत्तीवर खरं नाव हवं, मागे फोटो हवा. "आज संध्याकाळी फोन करते. हो की नाही, एकदा काय ते सांगून टाका," असं तिने बजावलं होतं.

हो म्हणायचं तर घरात आधी सांगायला हवं होतं. पुस्तकाच्या पाठीवर बायकोचा फोटो बघून नवऱ्याला कळावं, हे काही बरं दिसलं नसतं. धाकटी गेले चार दिवस सांगेन सांगेन म्हणत होती आणि प्रत्येक वेळी परत गॅसपाशी जात होती. त्यात नशीब असं दांडगं, की जाऊबाईंनी सुट्टीत वाचायला म्हणून वाचनालयातून नेमकं तेच पुस्तक उचलून आणलं होतं. ते घरभर फिरलं. मुलं तळ्यावर उधळलेली असायची आणि मोठी माणसं आळीपाळीने 'सुट्टीत एक कमी' वाचत पडलेली असायची.

गोष्ट साधीच होती. एक मोठं कुटुंब डोंगरावर सुट्टीला जातं. त्यात एक काकासाहेब असतात, त्यांना सगळ्यांचे एकत्र फोटो काढायचा भयंकर सोस. जेवणं निवताहेत, पोरं पेंगताहेत, तरी ह्यांचं आपलं "उंच माणसं मागे, हसा, अजून एक." एका संध्याकाळी ते सगळ्यांना ओळीने उभं करतात, कॅमेरा डोळ्याला लावतात आणि कड्याकडे पाठ करून मागे सरकायला लागतात. तेवढ्यात कोणीतरी म्हणतं, "अजून थोडं मागे, सगळे बसत नाहीयेत फोटोत." काकासाहेब अजून थोडं मागे जातात. संपलं. मग पोलिस पुस्तकभर एकच प्रश्न विचारत हिंडतो, की हे म्हणालं कोण? वाक्य सगळ्यांनी ऐकलेलं असतं, पण आवाज कोणाचा ते एकालाही सांगता येत नाही. शेवटी निघते घरातली सून. तिचं बोलणं कोणी कधी लक्ष देऊन ऐकलेलंच नसतं.

त्या दिवशी संध्याकाळच्या चहाला सगळे व्हरांड्यात जमले, आणि पुस्तकावर अभिप्राय सुरू झाले.

"मला तर पहिल्याच प्रकरणात कळलं होतं खुनी कोण ते," जाऊबाईंनी पाय स्टुलावर ठेवत सांगितलं.

"मला मुखपृष्ठावरूनच," वकील म्हणाला.

"मी शेवटचं पान आधी वाचते," नणंद म्हणाली. "त्यामुळे मला तुम्हा सगळ्यांच्या आधी कळलं."

एवढी हुशार मंडळी एकाच छपराखाली जमली होती आणि दुपारपासून चष्म्याचं घर सापडत नव्हतं.

"लेखक निवृत्त पोलिस आहे," वकिलाने निकाल दिला. "बाईला असलं सुचत नाही. आणि हा खटला उभाच राहणार नाही. 'मागे जा' म्हणणं हा गुन्हा कसा? मी त्या सुनेला पहिल्या तारखेला सोडवून आणली असती."

"सोडवायची कशाला तिला?" थोरले दीर उसळले. मांडीवरच्या कॅमेऱ्याची काच ते फडक्याने पुसत होते. "पुस्तकात एकच माणूस झकास होता, तो म्हणजे काकासाहेब. काय हौस, काय उत्साह! असली माणसं घर बांधून ठेवतात. आणि लेखकाने नेमका त्यालाच ढकलला. मला तर फार लागलं ते."

"मला हेतूच पटला नाही," धाकटीचा नवरा म्हणाला. स्वभावाने गरीब माणूस, कोणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही, बायकोच्या तर अजिबातच नाही. "तिला कमी काय होतं? नवरा बिचारा एका शब्दाने बोलत नाही तिच्याशी."

"आणि म्हणे आवाज ओळखला नाही!" थोरल्यांनी मांडीवर थाप मारली. "आपल्या घरातला आवाज? कसं शक्य आहे? मला डोळे बांधून बसवा, एकेकाचा आवाज सांगतो."

धाकटी चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी होती. तिने मनाशी म्हटलं, आता नाही तर कधीच नाही.

"हे पुस्तक मी लिहिलंय," ती म्हणाली.

"साखर कमी घातली आहेस ना?" थोरल्यांनी न बघता हात पुढे केला.

तिने कप दिला. प्रत्येकाला कप दिला. मग नवऱ्याच्या खुर्चीशी वाकून म्हणाली, "अहो, ऐका ना. ही कादंबरी मी लिहिली आहे."

"हो हो, आलोच," नवरा म्हणाला आणि जागचा हलला नाही.

रिकामा ट्रे घेऊन ती आत गेली. तिला रडू येत होतं. खरं सांगायचं तर त्यात हसूही मिसळलेलं होतं. गोष्टीत तिने जे कल्पनेने रचलं होतं, ते ही माणसं तिला फुकट करून दाखवत होती. तिने ओट्याला टेकून डोळे पुसले आणि तेवढ्यात फोन वाजला.

"मग? काय ठरलं?" प्रकाशिकेने विचारलं. "छपाई थांबवून ठेवली आहे हं मी."

"दोन मिनिटं," धाकटी म्हणाली. "फोन ठेवू नका."

फोन तसाच हातात धरून ती दारात आली. पाठ ताठ केली, मोठा श्वास घेतला, आणि घरचा आवाज आत ठेवून बसस्थानकाचा आवाज बाहेर काढला.

"कृपया इकडे लक्ष द्यावे."

जाऊबाईंचे पाय स्टुलावरून खाली आले. वकील उठून उभा राहिला आणि बॅग शोधायला लागला. नणदेने हातातला कप घट्ट धरला.

"'सुट्टीत एक कमी' ही कादंबरी घरच्या धाकट्या सुनेने लिहिलेली आहे. नव्या आवृत्तीवर तिचे खरे नाव छापण्याचा प्रकाशिकेचा आग्रह आहे. धाकटी सून स्वयंपाकघराच्या दारात उभी आहे. धन्यवाद."

तळ्यावरून पोरांचा ओरडा तेवढा येत होता.

"मला आधीच कळलं होतं," जाऊबाई म्हणाल्या.

मग काय विचारता! सगळ्यांचे अभिप्राय वारा फिरावा तसे फिरले. भाषा किती सहज आहे, रहस्य किती बेमालूम आहे! वकिलाला एकदम आठवलं की बायकांची निरीक्षणशक्ती मुळातच दांडगी असते आणि तो हे कायम म्हणत आला आहे. नवऱ्याचा तेवढा चेहरा उतरला होता.

"मला नाही सांगितलंस?" तो म्हणाला.

"तीनदा सांगितलं. लिहून झालं तेव्हा सांगितलं, तुम्ही सामना बघत होतात, छान छान म्हणालात. उरलेलं दोनदा आत्ता, इथेच."

नवऱ्याने चहात बघितलं. थोरले दीर मात्र वेगळ्याच हिशेबात होते. त्यांनी कॅमेरा हळूच मांडीवरून खाली ठेवला.

"मग हे काकासाहेब," ते म्हणाले, "हे कोणावरून घेतलेस?"

नणंद फिसकन हसली आणि पदर तोंडाला लावला.

"माझ्यावरून असणं शक्य नाही," थोरले म्हणाले. "त्यांचा कॅमेरा वेगळा आहे." मग त्यांचा आवाज चढला. "काय वाईट केलं गं मी तुझं? सगळे फोटोत यावेत म्हणून मी मरमर मरतो. एकाही फोटोत मी नसतो, कधी बघितलंस? दरीत ढकललंस मला!"

ते खरोखर दुखावले होते. धाकटीला वाईट वाटलं, अगदी आतून वाटलं.

"मीही नाहीये, भाऊजी," ती म्हणाली. "जुने फोटो काढून बघा. तुम्ही कॅमेऱ्याच्या मागे असता आणि मी गॅसच्या पुढे. माझं नसणं कोणाच्या लक्षात तरी आलं का?"

व्हरांड्यात अवघडल्यासारखं झालं, आणि अवघडलं की नवऱ्याला ते मिटवायची घाई व्हायची.

"अगं, गोष्ट आहे ती शेवटी," तो समजुतीने म्हणाला. "हो ना? मग सांग की दादाला, तसं काही मनात नव्हतं म्हणून. माफी मागून टाक, विषय संपव. आणि ते खरं नाव वगैरे नको आता. टोपणनाव चांगलं आहे की. उगाच दादाला चार लोक विचारतील."

सगळ्यांनी मान हलवली. किती समजूतदार तोडगा! धाकटीच्या ओठांवर 'चुकलं माझं' तयारच होतं. इतक्या वर्षांच्या सवयीने ते न बोलावता हजर व्हायचं.

"पुस्तक मीही वाचलंय," कोपऱ्यातून आवाज आला.

सासूबाई होत्या. कानाला यंत्र लावून मटार सोलत बसल्या होत्या. त्यांना ऐकू कमी येतं म्हणून त्यांच्याशी सगळे ओरडून बोलत, आणि ओरडून सांगण्यासारखं फारसं काही नसल्याने बोलतच नसत.

"माझं मत कोणी विचारलं नाही, म्हणून मीच सांगते. शेवट फसलाय, धाकटे."

"शेवट?" धाकटी म्हणाली.

"एवढं सगळं त्या पोरीने शांत डोक्याने केलं. आवाज चढवला नाही की हात उगारला नाही. आणि शेवटी पानंच्या पानं रडते काय, पाया पडते काय, माफी मागते काय! कोणाची मागते? ज्यांना तिचा आवाज माहीत नाही त्यांची?" सासूबाईंनी एक शेंग काडकन मोडली. "मला राग आला हो तुझा. पुस्तक आपटलं मी."

"अहो आई, पण खून केला तिने," वकील जावई जागेवरूनच कळवळला.

"तुम्ही सोडवून आणणार होतात ना पहिल्या तारखेला? मग आणा." त्या धाकटीकडे वळल्या. "सुट्टी म्हटली की मला काय आठवतं सांगू? दुसऱ्याचं स्वयंपाकघर. मिठाचा डबा कुठे आहे ते शोधायचं. डोंगर झाले, समुद्र झाले, मी मिठाचे डबे शोधत हिंडले. आणि परत आल्यावर माझ्या सासऱ्यांना सांगायचं, फार छान विश्रांती झाली हो." त्यांनी मटार बाजूला सारले. "तू पहिल्यांदा बोललीस तेव्हाच ऐकलं होतं मी. मुद्दाम गप्प बसले. म्हटलं बघू, पोरगी गोष्टीतल्यासारखी रडत आत जाते, की परत बाहेर येते."

धाकटीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं, पण माफी काही तोंडातून निघाली नाही. हातातल्या फोनमधून "हॅलो, हॅलो" असा बारीक आवाज येत होता. प्रकाशिकेने बहुधा सगळं ऐकलं होतं.

धाकटीने फोन कानाला लावला. आत गेली नाही. तिथेच व्हरांड्यात, सगळ्यांच्या मधोमध, नवऱ्याने रिकामी केलेली खुर्ची ओढून बसली. तो कधी उठला होता ते त्याचं त्यालाही कळलं नसावं.

"नाव घाला," ती म्हणाली. "खरं नाव, फोटोसकट. आणि छपाई अजून दोन दिवस थांबवा, शेवटचं प्रकरण बदलायचं आहे."

"बदलायचं?" प्रकाशिका म्हणाली. "म्हणजे ती माफी मागत नाही?"

"नाही मागत."

"मग काय करते?"

धाकटीने समोर बघितलं. तळ्यावर ऊन उतरत होतं, पोरं काठाशी पाणी उडवत होती. इतक्या दिवसांत ते तळं तिने पहिल्यांदाच धड बघितलं. सगळे कान देऊन ऐकत होते, थोरले दीरसुद्धा.

"उरलेली सुट्टी घालवते," ती म्हणाली.