रीताच्या लग्नाची कॅसेट

धनंजयनं माळ्यावरचा व्हीसीआर खाली काढला तो काकूसाठी. बेबीबाईनं त्याच्याकडं आजवर कधी काही मागितलं नव्हतं. आता तिला रीताच्या लग्नाची कॅसेट पाहायची होती.

धनंजयच्या बहिणीच्या त्या लग्नात बेबीबाई नव्हती. लेक टीना तेव्हा पोटात होती, म्हणून ती आंबागडला माहेरी गेली होती. त्याच दिवशी तिचा नवरा प्रविण घरातून गेला आणि परत आलाच नाही. "जेवण झाल्याबरोबर मीच त्याले गाडीवर शहापूरले नेलं, बसमध्ये बसवून देल्लं. सुरतले कामाले जातो म्हणे," असं त्याचे थोरले भाऊ, धनंजयचे वडील भय्याजी सांगत आले होते. प्रविणचा एकुलता एक फोटो वाळवीनं खाल्ला. टीनानं बापाचं तोंडही पाहिलं नव्हतं.

धनंजयनं झाकण उघडलं. आत जाळी-जळमटं, रबरी पट्टा सैल पडलेला. स्पिरिटनं हेड पुसून त्यानं कॅसेट घातली. पडद्यावर पांढऱ्या रेघा आल्या, बँडचा आवाज रडल्यासारखा लांबला आणि यंत्रानं फीत गिळली. धनंजयनं ती बोटानं हळूहळू सोडवली.

"कायले जुनं उकरून राहिला बे?" ओसरीवरून भय्याजी म्हणाले. "फेकून दे थे डबडं."

भंडाऱ्याहून शोधून आणलेला नवा पट्टा त्यानं बसवला. सकाळी पाहतो तर पट्टा तुटलेला.

"उंदरानं कुरतडला असंन," भय्याजी म्हणाले.

पण उंदराचे दात असे सरळ चालत नाहीत. पट्टा ब्लेडनं कापावा तसा कापला होता. दुसरा पट्टा आणून धनंजयनं कपाटात ठेवला आणि भय्याजी मोहाडीच्या बाजाराला गेल्यावरच तो बसवला.

या वेळी चित्र स्थिर आलं. मांडव, पंगत, पत्रावळीवर जिलेबी वाढणारा प्रविण.

"थे पाय, तुहे काका!" बेबीबाई टीव्हीजवळ सरकली. पदरानं तिनं काच पुसली.

मग भय्याजी आले. त्यांनी प्रविणचा दंड धरला. धानाच्या एका बांधीवरून, शेताच्या तुकड्यावरून, दोघा भावांचं तेव्हा वाजलेलं होतं, हे धनंजयला ठाऊक होतं. दोघं मांडवामागं गेले. तिकडं तेव्हा जुनी विहीर होती. कॅमेरा पंगतीवर फिरत राहिला. म्हातारे जेवतच होते, त्याच पत्रावळीवर दुसऱ्यांदा भात पडत होता, एवढ्यात भय्याजी परत आले. एकटेच. बाही फाटलेली, कपाळावर ओरखडा. त्यांनी घाम पुसला आणि वाढप्याच्या हातातली बादली घेऊन ते पंगतीत वाढू लागले.

धनंजयनं फीत मागं नेली. पुन्हा तेच. पंगत उठलीच नव्हती, मग शहापूरला कोण कधी गेलं?

दारात पिशवी आपटली. भय्याजी उभे होते. त्यांनी तडक येऊन वायर उपटली आणि कॅसेट ओढायला हात घातला. धनंजयनं त्यांचं मनगट धरलं.

बेबीबाई उठली. थोरल्या दिरासमोर तिनं कधी मान वर केली नव्हती. आज पदर खांद्यावर पडला तरी तिनं सावरला नाही.

"थे कुठं हायेत?"

"धक्काबुक्कीत त्याचा तोल गेला..." भय्याजी खाली बसले. "दारात वरात होती. रीताचं लग्न मोडलं असतं."

"अन् मंग?"

"मंग... मंग विहीर बुजवली."

त्या जागेवर आता गोठा होता. बेबीबाई रोज पहाटे तिथलं शेण काढत असे. ती अंगणात गेली आणि एकेक करून सगळी जनावरं सोडू लागली. "हट, हट," म्हणत तिनं ती लांब बांधाकडं हाकलली. गोठा रिकामा झाल्यावर ती उंबऱ्याशी बसली, पण आत पाऊल टाकलं नाही.

धनंजयनं पोलीस ठाण्याला फोन लावला. पलीकडून विचारलं, "कोणाच्या विरोधात तक्रार हाये?"

त्यानं बापाकडं पाहिलं.

"माह्या बापाच्या," तो म्हणाला. "अन् खोदायले मानसं आना."